कै. मेजर मनमिळाऊ होते

गावातला माजी सैनिक गेला की त्याच्यावर शेवटचा हल्ला होतो तो विशेषणांचा. जालना जिल्ह्यातल्या राजूरला चतुर्थीच्या भाविकांचं स्वागत करणारे फलक लागतात, त्यांच्याच शेजारी एखादा ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फलक झळकतो, आणि त्यावरचा माणूस धार्मिक, मनमिळाऊ, परोपकारी, शिस्तप्रिय व कुटुंबवत्सल असतो. हाच मजकूर खतांच्या दुकानदाराला चालतो, माजी सरपंचाला चालतो, आणि सरपंचाला निवडणुकीत पाडणाऱ्यालाही चालतो. गेलेला माणूस हवालदार म्हणून निवृत्त झालेला असला तरी गावाने त्याला केव्हाच ‘मेजर’ करून टाकलेलं असतं. या बढतीला ग्रामपंचायतीचा ठरावसुद्धा लागत नाही. माझं म्हणणं असं, की अशा माणसाने दोन नोकऱ्या केलेल्या असतात, एक फौजेतली आणि दुसरी घरातली. दुसरी जास्त लांबीची आणि जास्त अवघड असते, आणि नेमका तिचाच पुरावा आपण एका विशेषणात गुंडाळून टाकतो.

फौजेचा कारभार याबाबतीत बरा. जवान सुटतो तेव्हा त्याच्या डिस्चार्ज बुकात वर्तणुकीच्या रकान्यात मोजकं लिहिलेलं असतं: ‘एक्झेम्प्लरी’, ‘व्हेरी गुड’ किंवा नुसतं ‘गुड’. इथे पायऱ्या आहेत, म्हणजे कुणीतरी कुणाला वरच्या पायरीवरून खाली ठेवण्याची हिंमत केलेली आहे. आपल्या श्रद्धांजलीत ‘बऱ्यापैकी मनमिळाऊ’ असं कधी वाचलंय? पुढे पेन्शन चालू राहावी म्हणून सरकार दरवर्षी त्याच्याकडून हयातीचा दाखला मागतं. माणूस समोर उभा असला तरी दाखला पाहिजेच. जिवंत असण्याबद्दल एवढी खातरजमा करणाऱ्या देशात, तो कसा जगला याबद्दल मात्र फ्लेक्सवाल्याच्या संगणकातला तयार मजकूर पुरतो.

आता ‘कुटुंबवत्सल’ हा शब्द जरा हिशेबाला लावून बघू. जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक आणि तीस दिवसांची किरकोळ रजा असते. सगळी मिळाली असं धरलं (फौजी इथे हसेल), तरी सतरा वर्षांच्या नोकरीत घरी काढलेला काळ होतो सुमारे सव्वाचार वर्षं. बाकीचा काळ शेत, सोसायटीचं कर्ज, मुलांची शाळा आणि सासूबाईंची औषधं हे सगळं त्याची बायको बघत असते. मग एक दिवस ट्रंक घेऊन हा चाळिशीच्या आतबाहेरचा गडी कायमचा घरी येतो, आणि सतरा वर्षं त्याच्यावाचून चाललेल्या घराला पहाटे पाचला उठवून कामाला लावू पाहतो. फौजी कुटुंबवत्सल कधी होतो, याचं उत्तर इथे आहे. हुकूम सोडायची सवय असलेला माणूस ‘दळण आणायला कधी जाऊ?’ असं आपण होऊन विचारतो, तेव्हा. या शरणागतीला कुठलंही पदक नाही. तिचे साक्षीदार घरातच असतात, आणि फलकाचा मजकूर ठरवताना त्यांना कुणी विचारत नाही.

युद्धातल्या एखाद्या प्रसंगाने उरलेलं आयुष्य झाकून टाकायचं, ही खोड मोठमोठ्यांच्या वाट्याला आली आहे. कारवारजवळच्या चेंडियाचे राम राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरीच्या वाटेवर रणगाड्यांसाठी सुरुंग काढून रस्ता मोकळा केला आणि परमवीरचक्र मिळवलं. ते गेले १९९४ मध्ये, पुण्यात. एप्रिलमधल्या त्या चार दिवसांवर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले जातात, नंतरच्या सेहेचाळीस वर्षांना एखाद-दुसरी ओळ. दुसरा दाखला राजूरच्याच जिल्ह्यात आहे. असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. हिंदुस्थानात येण्याआधी त्याने आयर्लंडमध्ये मागणी घातली होती, ती मुलीच्या घरच्यांनी ‘मुलाचं काही खरं नाही’ म्हणून परतवली. असई जिंकून, पैसा आणि नाव घेऊन परतल्यावर तीच सोयरीक जमली, म्हणजे स्थळं बघण्याची रीत तिकडेही आपल्यासारखीच. १८०६ मध्ये लग्न झालं, ते मुलीला दहा-बारा वर्षं न बघता. संसार व्हायचा तसाच झाला. योद्धा म्हणून त्याचे पुतळे आहेत, नवरा म्हणून एकही नाही. आणि त्याच असईत तोफांशेजारी उभे राहून मेलेल्या मराठी फौजेतल्या गोलंदाजांच्या घरी कोण कोण वाट बघत होतं, हे कुणीच लिहून ठेवलं नाही.

यावर कुणी म्हणेल, गेलेल्या माणसाच्या खोड्या कशाला काढायच्या? पण खोडी म्हणजे बदनामी नव्हे. कँटीनची बाटली शेजाऱ्याला देताना पै-पैचा हिशेब ठेवणारा आणि तीच बाटली जावयाला फुकट देणारा माणूस ‘परोपकारी’पेक्षा जास्त ओळखीचा वाटतो. दुसरं कुणी म्हणेल, दळणाच्या गोष्टीने गणवेशाची शान जाते. ती जात असती तर गणवेश फारच कच्च्या कापडाचा म्हणायचा. तिसरा आक्षेप मात्र खरा आहे: फलकावर जागा कमी असते, आणि निम्मी जागा ‘शोकाकुल’ मंडळींच्या फोटोंना लागते. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. ते फोटो कमी करायला सांगायचं धैर्य परमवीरचक्राच्या वरचं आहे.

तेव्हा पुढच्या वेळी मजकूर द्यायला जाल, तर दशक्रियेच्या तारखेच्या वर एक ओळ अशी घाला, जी जालन्यापासून भोकरदनपर्यंतच्या दुसऱ्या कुठल्याही मेजरला लागू पडणार नाही. आणि ती ओळ त्याच्या बायकोला विचारून लिहा.