मशीन कुणाच्या पैशानं?

कोल्हापुरात वर्कशॉप चालवणाऱ्याला दोन बाबतींत फुकट सल्ला मिळतो: मिसळ कुठली खावी आणि कर्ज कुठलं काढावं. पहिल्या बाबतीत निदान सल्ला देणाऱ्यानं मिसळ खाल्लेली असते.

मला सीएनसी लेथ घ्यायचं होतं. कोटेशन २० लाखांचं, वर १८ टक्के जीएसटी. त्याचं क्रेडिट मिळतं असं आमचे सीए सांगतात. मिळेपर्यंत ते ३ लाख ६० हजार कुठून आणायचे, हे सांगत नाहीत.

आबांचा कर्जालाच विरोध. "आमचं पहिलं लेथ रोखीनं घेतलंय," ते छाती काढून सांगतात. त्यासाठी आईच्या पाटल्या मोडल्या होत्या, हे आई सांगते. आबांच्या लेखी ते कर्ज नव्हेच, कारण व्याज ठरलं नव्हतं. आईची वसुली मात्र अजून चालू आहे.

दाजी याच्या बरोबर उलट. "सीसीचं लिमिट हाय की! उचल त्यातनं." आता कॅश क्रेडिट असतं ते माल आणायला आणि पगार भागवायला. त्यात मशीन बसवलं की पुढच्या महिन्यात मशीनवर लावायला स्टीलचा बार आणायची सोय उरत नाही. नवं कोरं लेथ मग हळद-कुंकू लावून शोभेला उभं. दाजींचा स्वतःचा धंदा नाही, हे सांगायला हवंच असं नाही.

मग फायनान्सवाल्याचा पोरगा आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा. "सर, फक्त १० टक्के. फ्लॅट!" मी कॅल्क्युलेटर काढला. १० लाख, पाच वर्षं: व्याज ५ लाख, हप्ता २५ हजार. म्हणजे मुद्दल दरमहा फिटत जाणार, पण व्याज शेवटपर्यंत सगळ्या १० लाखांवर. शेवटच्या वर्षी मुद्दल उरलंय दोन लाखांच्या आत आणि व्याज चाललंय दहावर! घटत्या शिलकीवर मांडलं तर हाच दर १७ टक्क्यांच्या पुढे जातो. पोरगा शांतपणे म्हणाला, "सर, एवढं कोण बघतंय?" खरं बोलला. म्हणूनच तर त्याचा शर्ट इस्त्रीचा होता.

भाड्यानं मशीन घ्यायचा मार्गही सीएंनी समजावला. भाडं सगळं खर्चात धरता येतं. स्वतःच्या मशीनवर घसारा वर्षाला १५ टक्के आणि कर्जाचं व्याज तेवढं वेगळं. आईनं मधेच विचारलं, "आणि शेवटी मशीन कुणाचं?" कंपनीचंच, म्हटल्यावर ती म्हणाली, "मग ते घर सोडताना भिंतीतला खिळासुद्धा नेऊ न देणाऱ्या घरमालकासारखंच झालं." जी यंत्रं चार वर्षांत जुनाट होतात त्यांच्यासाठी भाडं ठीक. लेथ नीट ठेवलं तर वीस वर्षं चालतं.

राहिली बँक. मुद्रा योजना २०१५ची, मर्यादा १० लाखांची. पुढे २० लाखांची झाली, पण ती आधीचं तरुण गटातलं कर्ज फेडलेल्यांनाच. आम्ही कुठले तरुण! लहान उद्योगांना विनातारण कर्ज मिळावं म्हणून सरकारी हमीची वेगळी योजना आहे, ती काढली. साहेब म्हणाले, "तारण अजिबात नको. फक्त घराचं प्रॉपर्टी कार्ड जोडा." कशाला? "फाइल बरी दिसते."

व्याजाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा मला तारखेची धास्ती जास्त. लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यावं, असा २००६चा कायदा आहे. आमच्या पार्ट्या ९० दिवसांनी देतात, आणि पुढची ऑर्डर हवी असल्यानं आम्ही कायद्याचं नाव काढत नाही. हप्ता मात्र ५ तारखेला खात्यातून जातोच. त्यामुळे ठरलं ते असं: चौथा हिस्सा घरचा, बाकी बँकेचं घटत्या शिलकीचं मुदत कर्ज, आणि पहिले सहा महिने मुद्दल नाही. फाउंडेशन, विजेचा वाढीव लोड, पहिला जॉब पास होणं, एवढ्यात सहा महिने जातातच. आबांना हे 'निम्मं रोख' म्हणून सांगितलंय.

तुम्हीही मशीन घेणार असाल तर नुसता व्याजदर विचारू नका. १ ऑक्टोबर २०२४पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार लहान उद्योगांच्या मुदत कर्जाला 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं. त्यात प्रोसेसिंग फीसकट सगळा खर्च धरून वार्षिक दर छापलेला असतो. तो कागद मागा. दाजींचा नंबर मागू नका.