नानांची लंडन-तपासणी

खोपटच्या एसटी स्टँडच्या मागे ज्या जुन्या चारमजली इमारती पुनर्विकासाची वाट बघत उभ्या आहेत, त्यांतल्या दर दोन इमारतींमागे एक नाना सापडतोच. सरकारी खात्यातून निवृत्त, मुलगा परदेशात, व्हिसा सहा महिन्यांचा. पायात लेकाने घेऊन दिलेले पांढरेशुभ्र बूट. ते फक्त तलावपाळीच्या संध्याकाळच्या फेरीला बाहेर निघतात, भाजीला जाताना चप्पलच.

आमच्या इमारतीतले नाना पाणीपुरवठा खात्यातले. त्यामुळे ते लंडन बघायला गेले असं म्हणणं बरोबर नाही, ते तपासायला गेले होते. हाउन्स्लोहून निघाल्यावर हॅमरस्मिथला गाडी बदलायची, तर दुसरी गाडी त्याच फलाटाच्या पलीकडच्या बाजूला येते, जिना चढायचा नाही, हे पाहून ते क्षणभर गप्प झाले होते म्हणे. पण क्षणभरच. मग म्हणाले, "माणसंच नाहीत, तर सोय करायला काय जातंय? ठाण्याला सकाळी आठ-तेवीस पकडून दाखवा म्हणावं."

ही सगळी हकीकत नाना गॅलरीत बसून सांगतात आणि काकू मेथी निवडता निवडता तिच्यात दुरुस्त्या करतात. दुरुस्त्यांसकट ऐकली तरच ती हकीकत खरी.

शनिवारी लेकाने टॉवर ऑफ लंडनला नेलं. माणशी पस्तीसेक पौंड. नानांनी मनातल्या मनात शंभराहून वर काहीतरी आकड्याने गुणलं आणि दारातच बसकण मारली. "एवढ्यात आपल्याकडे रायगडाला दोनदा जाऊन, रोपवेने उतरून, पिठलं-भाकरी खाऊन होतं." (काकू : "ह्यांनी रायगड पाहिलाय कधी? पाचाडला गाडीतच बसून होते.") लेकाने आधीच पैसे भरले होते आणि ते परत मिळणार नव्हते, म्हणून नाना आत गेले. फुकट जाऊ द्यायचं नाही, या तत्त्वावर त्यांनी आयुष्यात बरीच प्रेक्षणीय स्थळं पाहिली आहेत.

फाटकावर पिशव्यांची तपासणी. काकूंच्या पिशवीत फॉइलमध्ये धपाटे आणि एका बाटलीत लसणाची चटणी. रखवालदाराने झाकण उघडलं, वास घेतला आणि बाटली दोन्ही हातांनी, अगदी अदबीने, परत दिली. त्या माणसाचे डोळे पाणावले होते, असं काकू सांगतात.

पहिली नापसंती नोंदवली गेली ती खुद्द टॉवरबद्दल. विल्यम द कॉन्कररने अकराव्या शतकात बांधायला घेतलेला तो व्हाइट टॉवर. दगडसुद्धा फ्रान्समधल्या कानहून आणवलेला. उंची 27 मीटर. "सत्तावीस? अरे, आमच्या घोडबंदर रोडला एवढ्यात पार्किंगचे मजले संपत नाहीत!"

तिथल्या गडद निळ्या-लाल पोशाखातल्या रखवालदारांना बीफईटर म्हणतात. सैन्यात किमान 22 वर्षं काढल्याशिवाय ही नोकरी मिळत नाही. हे कळताच नानांना तो गणवेशातला माणूस एकदम खात्यातला वाटू लागला आणि त्यांनी त्याला पेन्शनचं काय म्हणून विचारलं. त्याने हसून विषय बदलला आणि टॉवरमधून पळालेल्या पहिल्या कैद्याची गोष्ट सांगितली. रानुल्फ फ्लॅम्बार्ड, डरहॅमचा बिशप. 1101 साली दारूच्या पिंपातून लपवून दोर मागवला, पहारेकऱ्यांना ती दारू पाजली आणि खिडकीतून उतरून पसार झाला.

मंडळी हसली. नाना हसले नाहीत. तिथे, टेम्सच्या काठी, ठाण्याचा स्वाभिमान जागा झाला. "पहारेकऱ्यांना दारू पाजून पळाला यात कसब काय? आमच्या ठाण्याच्या किल्ल्यातून त्रिंबकजी डेंगळे पळाला, तो गाण्यावर!"

आणि मग नानांनी सगळ्या घोळक्याला इंग्रजीत इतिहास सांगितला. पोर्तुगिजांचा किल्ला, 1737 साली मराठ्यांनी घेतला, 1774 साली इंग्रजांनी. दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी. गंगाधरशास्त्र्यांच्या खुनानंतर इंग्रजांनी त्याला इथे आणून कोंडला. मराठी माणूस फितेल म्हणून पहाऱ्याला सगळे गोरे. आणि एक मराठी मोतद्दार रोज खिडकीखाली घोडा खरारत गाणी म्हणायचा. पळायचा सगळा बेत त्या गाण्यात. गोऱ्यांना वाटलं, गातोय बिचारा. 1816 च्या सप्टेंबरात पक्षी उडाला. बीफईटरने मनापासून टाळी वाजवली. जपानी पर्यटकांनी नानांचा फोटो काढला. "आता नाना ते गाणं म्हणणार होते," काकू म्हणतात, "मी शर्ट धरला मागून."

गाणं कुठलं, हा प्रश्न आम्ही कुणी विचारत नाही.

जेवायला बाकावर बसले तर समोर डोमकावळे. हे कावळे टॉवर सोडून गेले तर राज्य बुडेल अशी तिथली समजूत, म्हणून निदान सहा तरी कायम पाळलेले असतात. उडून जाऊ नयेत म्हणून पंखांची पिसं थोडी छाटतात आणि कच्चं मांस आणि रक्तात भिजवलेली बिस्किटं खायला घालतात. दिवस नेमके पितृपक्षाचे. खोपटला गच्चीवर पान ठेवून तासन्‌तास हाका माराव्यात तरी कावळा फिरकत नाही, आणि इथे राजाश्रयाला बसलेले. काकूंनी धपाट्याचा तुकडा पुढे टाकला, हात जोडले. एकाने तो चटणीसकट उचलला आणि लगेच टाकला. "सासूबाईच," काकू म्हणाल्या. यावर नानांची दुरुस्ती नाही.

मग कोहिनूर. 1849 मध्ये पंजाब खालसा झाला तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून घेतलेला, 1852 मध्ये लंडनला कापून निम्म्याच्या जवळ आणलेला, आता 105.6 कॅरटचा आणि 1937 च्या एका मुकुटात बसवलेला. त्याच्यासमोर थांबता येत नाही. खाली सरकता पट्टा असतो, तो तुम्हाला आपोआप पुढे नेतो. नाना रांगेत लेकाला सांगत होते, बघताच मी यांना जाब विचारणार. पण रांग, अंधारी खोली, काचेमागचा झगमगाट आणि पुढे सरकवणारी यंत्रणा, एवढं सगळं जमून आल्यावर सिद्धिविनायकाला चाळीस वर्षं जाणाऱ्या माणसाकडून व्हायचं तेच झालं. नानांचे हात आपोआप जोडले गेले, डोळे मिटले, उजवा हात छातीला लागला. डोळे उघडले तेव्हा पट्टा पुढच्या मुकुटाशी होता.

नाना हा प्रसंग सांगत नाहीत. ते फक्त म्हणतात, "हिरा ठीक आहे."

इकडे परतल्यावर मात्र नानांची सुई उलटी फिरली. सोसायटीच्या सभेत टँकरचा विषय निघाला की "लंडनला नळाचं पाणी थेट पितात." खोपटला बोरिवलीच्या बशीत लोक खिडकीतून रुमाल टाकू लागले की "तिकडे रांग म्हणजे रांग." तिकडे ठाणं सांगत होते, इकडे लंडन सांगतात. ज्या गावात उभे असतील त्याला नाना कधीच पास करत नाहीत; तसा हिशेब चोख आहे.

डिसेंबरात नातू आला, नऊ वर्षांचा. आजोबांनी टॉवरमध्ये केलेलं भाषण त्याला तोंडपाठ. "मला आपला किल्ला दाखवा," म्हणून हट्ट धरला. आता पंचाईत अशी की ठाण्याचा किल्ला म्हणजे मध्यवर्ती कारागृह. इंग्रजांनी तुरुंग केला तो आजही चालू आहे. 1910 च्या एप्रिलमध्ये अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना इथेच फाशी दिलं. बाहेरून तट पाहून नमस्कार करायचा. नानांचा जन्म ठाण्यातला, पण आत पाऊल टाकायची वेळ आलेली नाही, आणि याचा त्यांना अभिमानच आहे. पण नातवाला टॉवरची सवय. किल्ला म्हणजे तिकीट काढून आत.

रिक्षा फाटकापाशी थांबली. पांढरे बूट घातलेले नाना लांबूनच बुरुज दाखवू लागले. पोरगा मात्र सरळ पहाऱ्यावरच्या शिपायाकडे गेला. शिपाई खुर्चीत बसल्या बसल्या प्रेमाने म्हणाला, "काय बाळा, कुणाला भेटायचंय?"

"त्रिंबकजी डेंगळे," पोरगा म्हणाला. "पण ते पळाले ना इथून."

शिपाई ताडकन उभा राहिला. "कधी?"