सेबीला अभिप्राय कसा पाठवावा : डोंबिवली-ठाणेकर नवशिक्यांसाठी

साहित्य : मोबाइल, शेअर बाजाराची नियामक सेबी लोकांच्या मतासाठी काढते तो नियमांचा मसुदा आणि सकाळच्या फास्ट लोकलमध्ये बसायला जागा. जागा मिळाली नाही तर दारात उभं राहूनही जमतं. ऑप्शन्सचे नियम कसे असावेत याबद्दलची मतं तिथं उलट जास्त ठाम असतात.

गाडी सुटताच ‘सेबीला काही कळत नाही’ असं एकदा खणखणीत म्हणून टाका. हे कोपर स्टेशन मागे पडेपर्यंत उरकावं. या वाक्याला फॉर्ममध्ये रकाना नाही.

मग मसुदा उघडा. तो इंग्रजीत असतो आणि लांबलचक असतो. शेजारचा काका डोकावून लगेच मान वळवेल. सरावासाठी जून २०२४ चा घ्या. कोणत्या शेअरवर फ्युचर्स-ऑप्शन्स असावेत, हे ठरवणारे निकष २०१८ नंतर बदलले नव्हते, ते बदलायचे होते. त्यात ‘मीडियन क्वार्टर सिग्मा ऑर्डर साइझ’ असं एक भयंकर नाव भेटतं. दिव्यापर्यंत घाबरून घ्या, मुंब्र्याला समजून घ्या. शेअरच्या नेहमीच्या चढउताराच्या पाव हिश्शाइतका भाव हलवायला किती रुपयांची ऑर्डर लागते, तो हा आकडा. जुनी मर्यादा होती २५ लाख. एवढ्यात भाव हलत असेल, तर ऑप्शनमध्ये मोठा सौदा करून मूळ शेअर ढकलणं एखाद्या ऑपरेटरला काय कठीण? दारातले सगळे ऑपरेटरला शिव्या देतात, त्याला अडवणारं हे कलम मात्र कोणी वाचत नाही.

आता मुख्य कृती. मसुद्यात ठाम आकडे नव्हते, पट्टे होते : ऑर्डर साइझ ७५ लाख ते १ कोटी, बाजारभरातल्या पोझिशनची मर्यादा किमान १,२५० ते १,७५० कोटी, रोजची सरासरी डिलिव्हरी ३० ते ४० कोटी. पट्टा दिला, म्हणजे आकडा आपल्याला विचारलाय. ऑगस्टअखेरच्या परिपत्रकात पोझिशन १,५०० वर आणि डिलिव्हरी ३५ वर, अगदी मधोमध ठरली. ऑर्डर साइझ मात्र खालच्या टोकाला, ७५ लाखांवर. मला ती १ कोटी हवी होती.

फॉर्ममध्ये तीन गोष्टी लागतात : मुद्दा, सूचना, कारण.

चुकीचा नमुना : ‘लहान माणसाला जगू द्या.’

बरा नमुना : ‘ऑर्डर साइझ १ कोटी ठेवावी. निकषात न बसणारा शेअर बाहेर काढताना चालू सौदे एक्सपायरीपर्यंत राहू द्यावेत.’ पुढे कारण दोन ओळींत. नफ्यातोट्याचा स्क्रीनशॉट जोडू नये, विशेषतः तोट्याचा.

जमलं तर पुढचा पाठ ३० जुलै २०२४ च्या मसुद्याचा. यात साप्ताहिक एक्सपायरी (दर आठवड्याला संपणारे ऑप्शन्स) होती, म्हणजे थेट भावनांचा प्रश्न. प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्सपायरी, आणि एका कॉन्ट्रॅक्टचं मूल्य ५-१० लाखांवरून १५-२० लाखांवर. सहा महिन्यांनी २० ते ३० लाखांचा दुसरा टप्पाही सुचवला होता. ऑक्टोबरच्या परिपत्रकात तो नाही, १५ लाखांवर थांबलंय. मसुद्यावर अभिप्रायाची मुदत २० ऑगस्टलाच संपली होती. एकाच निर्देशांकाच्या नियमामुळे बँक निफ्टीची साप्ताहिक एक्सपायरी नोव्हेंबरमध्ये बंद झाली, आणि ठाण्याच्या फलाटावर अत्यंत मुद्देसूद अभिप्राय ऐकू येऊ लागले.

विरोधात लिहायचं असेल तर सेबीची सप्टेंबर २०२४ ची पाहणी आधी वाचा. तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स (एफ अँड ओ) करणाऱ्या १ कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. ‘मी उरलेल्या सातांतला’ हे कारणाच्या रकान्यात चालत नाही. ‘मोठ्या कॉन्ट्रॅक्टमुळे हेज करणारा छोटा गुंतवणूकदार बाहेर पडेल’ हे चालतं, आणि खरंही आहे.

अर्ज हातानं द्यायला कुर्ल्याला उतरून बीकेसी गाठू नका. वेबसाइटवर भरा, तेही घाटकोपरच्या आत, कारण पुढे सव्वानऊला बाजार उघडतो आणि मग तुम्ही काही भरणार नाही.