विमानावर फुली

तारकर्लीहून परतलेला हा हिंगोलीकर लांबूनच ओळखू येतो. बाकीच्यांनी काजू आणि कोकम आणलेलं असतं. याच्या मनगटावर पेढ्याएवढा काळा डायव्ह कॉम्प्युटर असतो. किती वाजले विचारलं, की तो दोन बटणं दाबतो आणि आधी तापमान सांगतो.

पर्यटकांसारखी प्रशिक्षकाचा हात धरून मारलेली डुबकी त्याला आता मोजायचीच नसते. त्यानं स्कूबा डायव्हिंगचा रीतसर कोर्स केलाय, १८ मीटरपर्यंतचं प्रमाणपत्र मिळवलंय. त्यामुळे टपरीवर चहा येईपर्यंत व्याख्यान ठरलेलं. यंत्र रक्तबिक्त तपासत नाही. पाण्याचा दाब आणि वेळ मोजतं आणि अंगात नायट्रोजन किती मुरला असेल याचा अंदाज बांधतं. १९०८ साली हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञानं हे गणित बकऱ्यांवर प्रयोग करून मांडलं, पुढे ब्यूलमान या स्विस डॉक्टरनं शरीराचे १६ कप्पे कल्पून ते वाढवलं. ऐकणाऱ्यांच्या डोक्यात फक्त बकऱ्या राहतात.

"मग त्यायचं काय झालं?"

"काही लंगडल्या," तो प्रामाणिकपणे सांगतो.

शेवटच्या डुबकीनंतर कितीतरी तास पडद्यावर फुली मारलेलं विमान दिसतं. एवढ्यात उडायचं नाही, असा त्याचा अर्थ. हा गृहस्थ ती बंदी काटेकोर पाळतो. हिंगोलीत विमानतळ नाही, त्यामुळे पाळणं जडही जात नाही. गंमत अशी, की उंचीवर हवेचा दाब घटतो आणि अंगात मुरलेला नायट्रोजन त्रास देऊ शकतो, म्हणून ही बंदी. आणि बंदी पाळत हा एस.टी.नं सुमारे ७०० मीटरवरची आंबोली चढून आलेला असतो. घाटावर फुली मारलेलं चित्र त्या पडद्यावर नाही.

खरी परीक्षा मे महिन्यात, कळमनुरीकडच्या मामाच्या विहिरीवर. बादली तळाला गेलेली असते. सिलिंडर कुठून आणणार? पण कॉम्प्युटर तर आहे! तो काठावर बसून सेटिंग लावू लागतो. गोडं पाणी की खारं? गोडं. खाऱ्यावर ठेवलं तर खोली ३ टक्के कमी दिसते, म्हणजे चार मीटरांत १२ सेंटिमीटरची चूक! मग उंची. समुद्रसपाटीचं सेटिंग बहुतेक यंत्रांत ३०० मीटरपर्यंतच चालतं, हिंगोली त्याहून वर. वर येताना ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं असतं, हेही तो मामांना बजावतो. विहिरीत पाणी दोन परस, म्हणजे सुमारे साडेतीन मीटर. थांबणार कुठे, हे मामा विचारत नाहीत.

तो मुटका मारतो. क्षणभरात यंत्र पीपी करत वर येतं, मागोमाग तो. फार वेगानं वर आलास, अशी तक्रार असते ती.

"तीन पूर्णांक चार मीटर! तापमान सव्वीस!"

"अन् बादली?"

तो पुन्हा पडद्याकडे पाहतो. मामा गळ आणायला पोराला घरी पिटाळतात.