एक्क्याण्णव म्हणजे नेमके किती?

सीईटीचा निकाल लागला की आमच्याकडे पहिला फोन सांगलीच्या मावशीचा.

"किती पडले गं पोरीला?"

"एक्क्याण्णव पर्सेंटाइल."

"म्हणजे दोनशेत एकशे ब्याऐंशी! अगंबाई!"

मावशीचा गुणाकार चोख होता. कन्येचे गुण मात्र शंभराच्या आसपास. मी समजावलं, "मावशी, तिच्या सत्रातली शंभरातली एक्क्याण्णव मुलं तिच्याइतकी किंवा तिच्याहून कमी गुणांची आहेत, एवढंच." मावशी म्हणाली, "मागे आहेत ना? मग पेढे कधी?"

खरं तर मावशीची पिढी पर्सेंटाइलवरच जगली. "ऐंशी पडले" म्हटलं, की लगेच "आणि जोश्यांच्या बंड्याला?" सीईटी सेलने त्यात फक्त दशांशचिन्ह घातलं.

परीक्षा अनेक सत्रांत होते, एखाद्या सत्राचा पेपर जास्त अवघड निघतो, म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्याच सत्राशी. सूत्रात आपल्याइतके किंवा कमी गुण मिळवणारे मोजतात, त्यात आपणही आलोच. म्हणून सत्रात पहिल्या आलेल्याला १००, मग त्याचे गुण १६० का असेनात. सगळ्या सत्राने संगनमताने शून्य मिळवलं, तरी सगळ्यांना १००! ही योजना कन्येला फार आवडली, पण फितूर निघणार नाही असं सत्र महाराष्ट्रात भरायचं नाही.

मावशीचे यजमान अधिक व्यवहारी. "आता आठच हवेत. आठ दुणे सोळा गुण वाढवायचे, झाले नव्याण्णव!" काका, मधे गर्दी असते दादरच्या पुलासारखी, थोडं पुढे सरकलं की माणसंच माणसं मागे पडतात. गुणांची मांडणी घंटेच्या आकाराची धरली, तर सरासरीहून एक प्रमाण विचलन वर गेल्यावर ५० चे ८४ होतात. तेवढेच गुण आणखी मिळवले की जेमतेम ९८. तिसऱ्यांदा तेवढेच मिळवा, हाती लागतात दोन.

आणि ती सात दशांश स्थळं! सत्राला वीस हजार मुलं धरली, तर एका मुलाने फरक पडतो ०.००५ चा. त्यापुढचे आकडे अभ्यासाचे नाहीत, भागाकाराचे. तरीही व्हॉट्सॲपवर ते सातही आकडे जातात, टेलिफोन नंबरासारखे.

प्रवेश मिळतो तो कॅप राउंडच्या मेरिट नंबरावर. नातेवाइकांनो, फोन करायचाच असेल तर तो नंबर लागल्यावर करा.