कचऱ्याचा पंचनामा

खत व्हायला चार गोष्टी लागतात: ओला कचरा, सुका पाला, हवा आणि बेताचं पाणी. हे कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं असतं. गृहनिर्माण सोसायटीत मात्र पाचवीही लागते आणि ती कुठेच छापलेली नसते. ती म्हणजे भोचकपणा. पहिल्या चार चुकल्या तर खताला नुसता वास मारतो. पाचवी नसेल तर खत होतच नाही.

आमची सोसायटी पुण्यातली. पर्यावरणावर प्रेम करायची मुभा सगळ्यांना होती, सक्ती कुणालाच नव्हती. घनकचऱ्याचे नियम २०१६ साली आले. ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करा, ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवारांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवा, असं त्यांत सांगितलं होतं. वार्षिक सभेत तापमानवाढीवर भाषण झालं तेव्हा मागच्या दोन रांगा पेंगत होत्या. मग खजिनदार उठले. म्हणाले, गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाच्या पाण्याची साठवण, यांतलं एक केलं तर महापालिका मिळकतकरात ५ टक्के सवलत देते. दोन केली तर १० टक्के. ठराव एकमताने मंजूर! सूचक आणि अनुमोदक, दोघेही मागच्या रांगेतले.

पार्किंगच्या कोपऱ्यात जाळीदार विटांचे हौद बांधले. ओल्याचा एक थर, वर वाळक्या पानांचा एक. वास आला की समजायचं, ओलं फार झालंय किंवा हवा कमी पडतेय. पाला वाढवायचा आणि फावड्याने ढवळायचं. एवढंच शास्त्र. खरी गंमत हौदासमोरच्या बाकावर होती. त्या बाकावर सकाळी सात ते नऊ ज्येष्ठ नागरिक बसतात.

पूर्वी कचरा काळ्या पिशवीत गाठ मारून जायचा आणि घराची अब्रू त्या गाठीत असायची. आता उघडी बादली बाकासमोरून न्यावी लागते. श्रावणात पाचशे दोनच्या बादलीत कोळंबीची सालं निघाली. पाचशे दोनचे आजोबा चातुर्मासात कांदालसूणसुद्धा वर्ज्य करतात. ‘मांजरासाठी आणली होती,’ असा खुलासा आला. ते मांजर अजून कुणी पाहिलेलं नाही. मे महिन्यात ‘आमच्याकडे देवगडचाच हापूस लागतो’ म्हणणाऱ्यांच्या बादलीतून तोतापुरीच्या लांबुडक्या कोयी बाहेर पडल्या. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष. त्या वर्षी एका बाईंनी नाचणी, वरी आणि राळ्यांवर आम्हाला तीन व्याख्यानं ऐकवली होती. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्याकडून जाळी धरलेलं नाचणीचं पीठ आलं, अख्ख्या पाकिटांसकट. पीठ ओल्यात गेलं, पाकीट सुक्यात आणि बातमी तिन्ही विंगांत.

बघता बघता बादल्या हलक्या झाल्या. भाषणांना जे जमलं नाही, ते बाकाने केलं. आता दोडक्याच्या शिरा बादलीत दिसल्या की बाकावरून चौकशी होते, ‘का हो, चटणी नाही केली?’ दुसऱ्या दिवशी त्या घरातून तीळ-खोबऱ्याचा खमंग वास येतो. कोथिंबिरीच्या काड्या सारात जातात, शिळ्या पोळ्या फोडणीत. कोबीचा गड्डा दोन घरांत निम्मा-निम्मा होतो. पिवळी पडलेली अर्धी जुडी बाकासमोरून नेण्यापेक्षा शेजारी दिलेली बरी, हे सगळ्यांना उमगलंय. एरवी शेजाऱ्याशी सहा महिने अबोला धरणारी माणसं कोबीपुरती बोलू लागली.

सुका कचरा ‘स्वच्छ’च्या ताई नेतात. कचरावेचकांच्या या सहकारी संस्थेचं २००८ पासून पुणे महापालिकेबरोबर काम चालू आहे. सुक्यातलं विकून जे येतं ते या ताईंचं. म्हणून भाजीच्या रसात भिजलेला कागद त्यांच्या हातात देणं म्हणजे त्यांच्या कमाईवर पाणी ओतणं. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापायचा नाही, लटकता ठेवायचा, ही युक्ती आमच्याकडे ताईंमुळे पोचली. कापलेला तुकडा नखाएवढा; तो ना वेचता येतो, ना विकता येतो आणि शेवटी गटारात जातो. आता तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर कात्री चालवताना पूर्वी चेकवरची सही पडताळायचे तितक्याच गांभीर्याने थांबतात.

समारंभांसाठी सोसायटीने स्टीलची पन्नास ताटं-वाट्या घेतल्या. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकबंदी आली, तरी वाढदिवसांना चकाकत्या द्रोण-पत्रावळ्या निघतच होत्या. ताटं फुकट मिळतात म्हटल्यावर त्या थांबल्या. अट एकच: ताटं घासून, मोजून परत करायची. हळदीकुंकवानंतर एक वाटी कमी भरली. त्या वाटीचा तपास बाकाने स्वतःकडे घेतला आणि दुपारच्या चहाच्या आत ती बी-विंगमध्ये, विरजण लावलेल्या अवस्थेत सापडली. दह्यासकट परत आली.

पहिला हौद उपसला तेव्हा काळं, भुसभुशीत, पावसाळी मातीच्या वासाचं खत निघालं. जे वर्षभर नाक दाबून जिने उतरले, तेच पहिल्यांदा पिशव्या घेऊन खाली आले. आता प्रश्न वाटणीचा. थ्री बीएचकेवाल्यांचं म्हणणं, मेंटेनन्स चौरस फुटांवर घेता, मग खतही चौरस फुटांवर द्या. वन बीएचकेवाले म्हणतात, ज्याच्या बादलीचं वजन जास्त, त्याचा हक्क जास्त. पाचशे दोनच्या आजोबांनी नम्रपणे सुचवलं की, मासळीच्या सालांनी खत फार सकस होतं, तेव्हा त्यांच्या वाट्याचा वेगळा विचार व्हावा. बाकाने टाळ्या वाजवल्या. विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात येणार आहे आणि सोसायटीच्या इतिहासात पहिल्यांदाच गणसंख्येची चिंता सेक्रेटरींना नाही.