बोकडाचा मामा

अमरावतीच्या एका शाळेच्या गॅदरिंगमध्ये भाच्याला नाटकात काम मिळालं. ताईनं फोनवर निमंत्रण दिलं आणि लगेच अट घातली, "ये, पण परीक्षण लिहू नकोस." ही अट मी मान्य केली नाही. अकोल्याच्या माणसाचा नाट्यपरीक्षणावर वडिलोपार्जित हक्क आहे. अकोला, खामगाव, जळगाव-जामोद असं फिरत वकिली केलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी स्वतःची नाटकं पुढे लिहिली, 'सुदाम्याचे पोहे' तर त्याच्याही पुढे. आधी १८९३ मध्ये त्यांनी 'विक्रमशशिकला' या दुसऱ्याच्या नाटकाचं परीक्षण लिहून टाकलं. तेव्हा आपण काही करण्याआधी दुसऱ्याच्या कामात खोट काढणं ही आमच्याकडे थोरांनी घालून दिलेली रीत आहे.

नाटक गाडगेबाबांवर होतं. "तू कोण झालास रे?" विचारलं तर भाचा ताठ मानेनं म्हणाला, "बोकड."

हसू नका. नवसापायी जत्रेत कापली जाणारी जनावरं वाचावीत म्हणून बाबांनी जन्मभर कीर्तनं केली. त्या हिशोबानं अख्खं कथानक बोकडाच्याच पाठीवर उभं आहे. कोल्हटकरांनी 'मूकनायक' लिहिला, आमच्या घरी तो जन्माला आला, एवढंच.

अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनेस बुकात गेलं. त्या रस्त्यानं मी वेळेवर पोचलो. कार्यक्रम मात्र बैलगाडीनं येत असावा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, त्या परिचयावर पाहुण्यांचं भाषण. मग चमकी उधळत झालेला एक नाच. मागच्या रांगेतल्या पोट्ट्यांचे आलूपोंगे संपले, तेव्हा कुठे पडदा वर गेला.

बाबांच्या अंगावर चिंध्या होत्या, पण भाड्याच्या. दुकानदारानं त्या धुऊन, कडक इस्त्री करून दिल्या होत्या. एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर गाडगं, हातात खराटा, सगळं चरित्राबरहुकूम. पोरगा शिस्तीचा निघाला. आधीच्या नाचाची चमकी पडलेली दिसताच त्यानं ती खरोखरच झाडायला घेतली. कोपरे काढले. तबलजीला पाय उचलायला लावले. विंगेतून मॅडम "बोल, बोल" करत राहिल्या. स्टेज लख्ख झाल्याशिवाय त्यानं तोंड उघडलं नाही. संध्याकाळभरात इतकं सच्चं काम दुसरं दिसलं नाही.

संहितेबद्दल मात्र माझी तक्रार आहे, आणि ती घरगुती आहे. बाबांचा जन्म १८७६चा, अंजनगाव सुर्जीकडच्या शेंडगावचा, म्हणजे अमरावती जिल्ह्यातला, हे सूत्रधारानं छाती फुगवून सांगितलं. पण वडील वारल्यावर डेबू, म्हणजे लहानपणीचे बाबा, वाढला मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला, अकोला जिल्ह्यात, मामाच्या घरी. तो मामा नाटकात औषधालाही नव्हता! अमरावतीकरांनी अकोल्याचं पात्रच कापलं.

पुढे देवीच्या देवळासमोरचा प्रवेश. बाबांनी बोकड सोडवायचा आणि बोकडानं आनंदानं पळून जायचं, असं ठरलेलं. खाटीक झालेल्या पोरानं दोरी देवळाच्या खांबाला मन लावून बांधली होती. बाबांना गाठ सुटेना. शेवटी "पय बे!" असा हुकूम झाला आणि बोकड देऊळ घेऊनच पळाला. पुठ्ठ्याचा कळस पेटीवाल्याच्या मांडीवर पडला. देव देवळात नाही, हे बाबांचं सांगणं इतकं थोडक्यात मी कीर्तनातही ऐकलं नव्हतं.

यानंतर ऋणमोचनच्या घाटावरचं कीर्तन. संवाद मॅडमनी शुद्ध पुस्तकी लिहिले होते. "बंधूंनो, ऋण काढून सण साजरे करणे आपणांस योग्य वाटते काय?" असं बाबा म्हणाले. सभागृह गप्प, बऱ्याच जणांनी मोबाइल काढले. घाबरून पोरगा पुढचं विसरला आणि तोंडात आली ती घरची भाषा, "अबे, मंग काहून काढता कर्ज?"

तिसऱ्या रांगेतले धोतरवाले आजोबा उभेच राहिले. "पेरणीले काढतो बापा! सणाले कोन देते?"

"मंग फेडलं काय?"

"कापसाले भाव भेटू दे, फेडतो!"

सभागृह फुटलं. दोन्हीकडून सवाल-जवाब सुरू झाले. दारूचा विषय निघाला तसे एक काका उठून बाहेर गेले, त्यांच्या सौभाग्यवतींनी टाळी वाजवली. मॅडमनी विंगेत कपाळाला हात लावला. मला विचाराल तर नाटक तिथंच सुरू झालं. बाबांचं कीर्तन असंच चालायचं. समोरच्याला प्रश्न विचारायचा, त्याच्याच तोंडून उत्तर काढायचं, तेही आपल्या वऱ्हाडी बोलीत. १९५६च्या नोव्हेंबरात वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचं कीर्तन झालं, त्याचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. मुंबईच्या पोलिसांपुढेसुद्धा हा माणूस पुस्तकी बोलला नाही. मग अमरावतीत, त्यांच्याच जिल्ह्यात, त्यांना पुण्याची शिकवणी कशाला?

परीक्षणात तारे द्यायचे असतात म्हणतात. झाडलोट करणाऱ्या बाबांना पैकीच्या पैकी, आजोबांना उत्स्फूर्त अभिनयाचं पारितोषिक, पुस्तकी संवादांना भोपळा. बोकड आमचाच असल्यामुळे त्याला मी नियमाप्रमाणे स्पर्धेतून वगळला आहे.

मॅडम, एक विनंती आहे. पुढच्या वर्षी हेच नाटक पुन्हा घ्या, पण सगळं वऱ्हाडीत लिहा. आणि दापुऱ्याच्या मामाचं काम तेवढं ठेवा. नट अकोल्याहून स्वखर्चानं येईल.